सेकंड कॉर्नेटच्या खुर्चीसाठी: एका वाद्यनिवडीचं प्रकरण

बारा वर्षं ट्रम्पेट वाजवलेली एक वादक आमच्या ब्रास बँडमध्ये सेकंड कॉर्नेटच्या खुर्चीवर आली. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटसारखंच, पण आखूड दिसणारं पितळी वाद्य. दुसऱ्याच तालमीनंतर मला म्हणाली, “स्वतःचं कॉर्नेट घ्यायचंय. एकदाच घेईन, पण सगळ्यात चांगलं घेईन.” मी रिपियानो वाजवतो, तीही कॉर्नेटचीच एक खुर्ची. बँडच्या वाद्यांची नोंदवही, व्हॉल्व्हच्या (बोटांनी दाबायच्या कळांच्या) तेलाच्या बाटल्या, सुटलेले कॉर्क हे सगळं माझ्याच गळ्यात असल्यामुळे हा प्रश्नही माझ्याकडे आला. उत्तर मिळायला जवळजवळ तीन महिने लागले. त्यातले निदान चार आठवडे माझ्या चुकीमुळे वाया गेले, तेही इथे लिहितो आहे.

खुर्ची कोणती?

ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडची मांडणी ठरलेली असते. स्पर्धेच्या बँडमध्ये फुंकून वाजवणारे पंचवीस जण, शिवाय तालवाद्यं. या पंचवीसांत दहा कॉर्नेट असतात: एक ई फ्लॅट सुरातलं, वरच्या आवाजाचं सोप्रानो आणि बी फ्लॅट सुरातली नऊ. नऊंपैकी चार सोलो कॉर्नेट, एक रिपियानो, दोन सेकंड आणि दोन थर्ड. ट्रम्पेट एकही नाही. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू इथे १८५३ साली पहिली मोठी स्पर्धा झाली, तेव्हापासून या बँडांचा आवाज कॉर्नेटभोवतीच घडत आला आहे. फ्लुगलहॉर्न, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम ही सगळी रुंदावत जाणाऱ्या नळीची वाद्यं. त्यांच्या शेजारी ट्रम्पेटचा धारदार सूर ठेवला तर तो दुधात मिठाचा खडा टाकल्यासारखा होतो.

तिला हे पटत नव्हतं, आणि तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि बी फ्लॅट कॉर्नेट यांच्या नळीची लांबी सारखीच. बोटं तीच, लिपी तीच. कॉर्नेट फक्त जास्त वेटोळी घेऊन आखूड दिसतं. “मग फरक राहतो तो बेलच्या मागच्या बाकाचाच ना?” असं तिनं विचारलं. बेल म्हणजे वाद्याचं पसरट तोंड; कॉर्नेटच्या मागच्या बाजूला धनगराच्या काठीच्या टोकासारखा जो गोल बाक असतो, त्याबद्दल ती बोलत होती.

फरक नळीच्या आतल्या आकारात असतो, पण तोही सांगतात तेवढा सरळ नाही. कॉर्नेट शंकूसारखं आणि ट्रम्पेट दंडगोलासारखं, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. प्रत्यक्षात व्हॉल्व्हमधून जाणारी नळी दोन्ही वाद्यांत या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच रुंदीची असते, ती दुसरी कशी असणार? स्लाइड, म्हणजे नळीचा आत-बाहेर सरकणारा तुकडा, तीही एका रुंदीचीच लागते. शंकूचा आकार राहतो तो दोन टोकांना, म्हणजे माउथपीसपासून (ओठ टेकवायच्या तुकड्यापासून) सुरू होणाऱ्या लीडपाइपमध्ये आणि व्हॉल्व्हनंतर बेलकडे जाणाऱ्या वाटेवर. कॉर्नेटची सुरुवात जास्त अरुंद असते आणि ती सावकाश रुंदावते. म्हणूनच कॉर्नेटच्या माउथपीसचा दांडा ट्रम्पेटच्या दांड्यापेक्षा बारीक आणि आखूड असतो आणि ट्रम्पेटचं माउथपीस कॉर्नेटमध्ये नीट बसत नाही.

पण त्या दिवशी मी तिला वेगळाच प्रश्न विचारायला हवा होता: या खुर्चीवर वाजवायचं काय असतं? सोलो कॉर्नेटला धून असते, वरचे स्वर असतात, एकट्यानं उठून दिसायचं असतं. सेकंड कॉर्नेटला बहुतेक वेळ मधला आणि खालचा पट्टा येतो. भरणीचे लांब स्वर, साथीचे तुटक ठोके, कुणाला ऐकू येऊ नये पण नसेल तर कळावी अशी मधली रेघ, आणि हे सगळं बऱ्याचदा अगदी हळू आवाजात. खालचा डी आणि त्याच्याखालचा सी शार्प हे ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर अधूनमधून येणारे स्वर इथे दर पानावर भेटतात. हा विचार सुरुवातीलाच केला असता तर पुढची निम्मी धावपळ वाचली असती.

माझी चूक

बँडचं एक उसनं कॉर्नेट तिच्याकडे होतं. त्यावर तिचा आवाज खटकत होता. बँडमास्तर दर तालमीत मागच्या रांगेकडे बघून हात खाली दाबत, म्हणजे “जरा आत घ्या.” ती आवाज कमी करी, तरी सूर वेगळा दिसेच. तिचा निष्कर्ष: वाद्य हलकं आहे, चांगलं घेतलं की जाईल. माझाही तोच निष्कर्ष. आम्ही लगेच वाद्यं गोळा करायला लागलो.

एक नवं, मोठ्या बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी), कारखान्याच्या वरच्या श्रेणीतलं वाद्य चाचणीसाठी मिळालं. दुसरं वापरलेलं, साधारण दहा वर्षांचं, मध्यम-मोठ्या बोअरचं, चांदीचा मुलामा असलेलं. तिसरं शिकाऊ श्रेणीतलं, नवं, हलकं. यापुढे त्यांना पहिलं, दुसरं, तिसरं असंच म्हणतो. चांगल्या बँडांत बेसनची सॉव्हरिन किंवा यामाहाची झेनो ही नावं वारंवार दिसतात आणि लोक नावावरूनच वाद घालतात. पण आमच्या प्रकरणात बेलवर काय कोरलं होतं त्यानं काहीच ठरलं नाही.

दोन आठवडे तिन्ही वाद्यं वाजवून झाली. मी वहीत रकाने आखले, ट्यूनर लावला, प्रत्येक स्वर किती चढा, किती उतरलेला ते लिहिलं. मग एका संध्याकाळी मी सहज तिचं माउथपीस हातात घेऊन आत पाहिलं. वाटी उथळ, तळाशी वाटोळी. तिच्या ट्रम्पेटच्या माउथपीसचाच कॉर्नेटचा दांडा लावलेला जुळा भाऊ. तिनं तो मुद्दाम घेतला होता, “ओठांना सवय तीच राहावी म्हणून.” गेल्या दोन आठवड्यांत आम्ही तीन कॉर्नेट तपासली नव्हती. एक ट्रम्पेटचा आवाज तीन वेगवेगळ्या नळ्यांतून तपासला होता.

ब्रास बँडमधले बहुतेक कॉर्नेटवादक खोल, नरसाळ्यासारख्या निमुळत्या वाटीचं माउथपीस वापरतात. डेनिस विक हे लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचे ट्रॉम्बोनवादक होते. त्यांच्या नावाची माउथपीस बँडांच्या पेट्यांमध्ये सर्रास सापडतात, आणि त्यांच्या कॉर्नेटच्या मालिकेतही एकाच कडेला खोल आणि त्याहून कमी खोल अशा दोन वाट्या मिळतात. वाटी खोल झाली की सुरातले वरचे, झणझणीत अंश दबतात आणि आवाज गोल होतो. त्याची किंमतही मोजावी लागते: वरचे स्वर धरायला ओठांना जास्त मेहनत, आणि तयारी नसेल तर वरचा पट्टा सुरात उतरतो.

आम्ही कडेचा व्यास तिच्या जुन्या माउथपीसच्या जवळपास ठेवला आणि फक्त वाटी बदलली. हा एकच निर्णय मी पूर्ण खात्रीनं सांगेन. कड आणि वाटी दोन्ही एकदम बदलली तर काय कशामुळे झालं ते कळत नाही, आणि ओठ बिचारे दोन्हीकडून मार खातात. पहिला आठवडा तिनं मला मनातल्या मनात बरंच काही ऐकवलं असणार. वरचा जी थकलेला येई, ए तर येईच ना. तिसऱ्या आठवड्यात मात्र बँडमास्तरांचा हात खाली दाबायचा थांबला. उसन्याच कॉर्नेटवर! ज्या वाद्याला नावं ठेवत आम्ही खरेदीला निघालो होतो, त्यानं निम्मं दुखणं माउथपीस बदलताच सोडलं.

वहीतले सगळे रकाने मी खोडले. वाटीची खोली बदलली की त्याच वाद्याचे वरचे आणि खालचे स्वर वेगळे बसतात, त्यामुळे जुने आकडे कुठल्याच कामाचे उरले नव्हते. माउथपीस ठरल्याशिवाय वाद्य तपासायला बसू नये हे मला वीस वर्षं माहीत होतं. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यांत अंतर असतं.

फुकटचं कॉर्नेट

मध्येच चौथं वाद्य आलं. तिच्या ओळखीच्या एका कुटुंबाच्या माळ्यावर जुनं कॉर्नेट होतं, त्यांनी ते तसंच देऊ केलं. पेटी उघडल्यावर मी क्षणभर विरघळलो. नाजूक कोरीवकाम, पातळ झालेला पण शाबूत मुलामा, व्हॉल्व्ह लोण्यासारखे. वाजवल्यावर तर तिचे डोळेच चमकले. एवढा गोड सूर तिन्ही वाद्यांत नव्हता.

मग बँडच्या सुराशी जुळवायला गेलो. मुख्य स्लाइड बाहेर ओढत राहिलो, ती पार शेवटापर्यंत आली, तरी वाद्य चढंच.

ब्रिटनमधले ब्रास बँड एकोणिसाव्या शतकापासून १९६० च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत वाजवत असत. ऑर्केस्ट्रा आणि बाकीचं जग ए म्हणजे ४४० हर्ट्झ या पट्टीवर आलं, तरी बँडांचा ए सुमारे ४५२ हर्ट्झवर होता. हा फरक अर्ध्या स्वराच्या जवळजवळ निम्मा. सगळा बँड त्याच पट्टीतला असे, म्हणून आत बसलेल्यांना काही खटकत नसे. पियानो किंवा ऑर्गनबरोबर वाजवायची वेळ आली की पंचाईत. १९६० च्या दशकात चढ्या पट्टीची वाद्यं बनणं थांबलं आणि बँड एकामागून एक खाली आले. जुन्या वाद्यांना लांब स्लाइड बसवून काहींनी ती पुढेही चालवली.

आमच्या हातात होतं ते असं, आणि त्याला लांब स्लाइडही नव्हती. हिशेब करून पाहिला. बी फ्लॅट कॉर्नेटची नळी साधारण १४८ सेंटिमीटर धरली तर ४५२ वरून ४४० ला येण्यासाठी सुमारे चार सेंटिमीटर नळी वाढवावी लागते. स्लाइडला दोन पाय असतात, म्हणजे ती दोन सेंटिमीटर ओढायची. ऐकायला सोपं वाटतं. पण मुख्य नळी वाढली की प्रत्येक व्हॉल्व्हची नळीही त्याच प्रमाणात वाढायला हवी: दुसऱ्याची स्लाइड एक मिलिमीटरभर, पहिल्याची अडीच, तिसऱ्याची चार. एवढं जुळवल्यावरही शंकूचा आकार ज्या लांबीसाठी घडवला होता ती लांबी राहत नाही, आणि एका सप्तकाचे स्वर दुसऱ्याशी भांडायला लागतात. त्या वाद्यावर खालचा सी आणि वरचा सी एकाच वेळी सुरात येईनात.

मी ते जवळजवळ घ्यायला लावणार होतो, हे कबूल करतो. गोडव्यापुढे माणसाचं डोकं चालत नाही. जुनं कॉर्नेट समोर आलं की आधी त्याचा काळ विचारा, मग ट्यूनर लावा, आणि सूर कसा आहे ते शेवटी ऐका. उलट्या क्रमानं गेलात तर ट्यूनरवर विश्वास ठेवायचं मन होत नाही.

डी आणि सी शार्प

आता दुसरी फेरी, नव्या माउथपीससह. या वेळी पद्धत बदलली. ती डोळे मिटून स्वर लावी आणि तिला योग्य वाटला की मान हलवी. त्या क्षणी ट्यूनरचा काटा मी वाचत असे. वादकाला काटा दिसला की ओठ आपोआप स्वर ओढून आणतात आणि वाद्याचा खरा कल लपतो. ट्रम्पेटवर बारा वर्षं काढलेले ओठ तर फारच आज्ञाधारक असतात.

तिन्ही वाद्यांत वरच्या मोकळ्या (एकही व्हॉल्व्ह न दाबता येणाऱ्या) ई चा कल उतरता होता. यात नवल नाही. तो पाचवा हार्मोनिक, म्हणजे एकाच लांबीच्या नळीतून ओठांच्या ताणानं निघणाऱ्या स्वरांतला पाचवा, निसर्गानंच १४ सेंट खाली ठेवलेला (अर्धस्वराचे शंभर भाग केले तर एक भाग म्हणजे सेंट). वाद्य बनवणारे तो थोडाफार वर आणतात, कमीजास्त प्रमाणात. दुसऱ्या वाद्यावर तो जरा जास्तच खाली होता, ते मी लाल शाईनं लिहिलं.

पण खरी परीक्षा खाली होती. तीन व्हॉल्व्हच्या कुठल्याही वाद्याला एक जन्मजात खोड असते. पहिला व्हॉल्व्ह नळी एवढी वाढवतो की स्वर एका पूर्ण स्वरानं उतरावा. तिसरा एवढी की दीड स्वरानं उतरावा. दोन्ही एकदम दाबले की अडीच स्वर उतरायला हवेत. मात्र पहिल्यानं नळी आधीच लांब झालेली असते, त्या लांब नळीला तिसऱ्याची जोड अपुरी पडते. गणितात डी सुमारे ३० सेंट चढा निघतो, आणि तिन्ही व्हॉल्व्ह लागणारा सी शार्प ५० सेंटच्याही वर. बनवणारे तिसरी नळी मुद्दाम जरा लांब करतात म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. तरी उरलेलं वादकानंच भरायचं, आणि ते भरायचं साधन म्हणजे तिसऱ्या व्हॉल्व्हच्या स्लाइडवरची अंगठी. शुद्ध हिशेबानं डी साठी ती सुमारे पावणेदोन सेंटिमीटर पुढे जायला हवी, सी शार्पसाठी तीनच्या वर.

इथे तिचा हात मध्ये आला. तिचा डावा पंजा लहान आहे. पहिल्या वाद्यावर अंगठी एवढी पुढे होती की डी ला बोट ताणून पोचे, सी शार्पला पोचतच नसे; नेटानं ओढलं तर अख्खं वाद्य ओठांवरून हलायचं. स्लाइड स्वतः मात्र अप्रतिम होती, काचेवर पाणी ओघळावं तशी सरकायची. तिसऱ्या वाद्यावर अंगठी हाताशी होती, पण स्लाइड अडखळत होती आणि पहिल्या व्हॉल्व्हला काहीच सोय नव्हती. दुसऱ्यावर अंगठी हाताशी, स्लाइड सुटी, शिवाय पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड ढकलायला अंगठ्यानं दाबायचा ट्रिगर. एक आणि दोन लागणारा ए सुद्धा थोडा चढतो; ट्रिगरचा हलका दाब दिला की तो जागेवर बसतो आणि तिसऱ्या स्लाइडला हातही लावावा लागत नाही.

मी अनेकांना बोअरवर तासभर बोलताना ऐकलंय. ०.४५९ इंच म्हणजे ११.६६ मिलिमीटर, ०.४६८ म्हणजे ११.८९; पाव मिलिमीटरही नाही एवढ्या फरकावर लोक पक्ष पाडून बसतात. अंगठी बोटाला पोचते का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मागच्या रांगेतल्या वादकासाठी माझ्या मते तो बोअरच्या आधीचा प्रश्न आहे.

बँडमध्ये

खोलीत पहिलं वाद्य सरळ सरळ जिंकत होतं. भरदार, खोल, भिंतीला धडकून परत येणारा सूर. तिला तेच हवं होतं, आणि ते ऐकून तिच्याशी वाद घालायची माझीही इच्छा नव्हती. मी फक्त एवढंच म्हटलं, “आपण खोलीत बसून बँड वाजवत नाही.”

दोन तालमी मागून घेतल्या. बहुतेक बँड तालमीच्या सुरुवातीला एखादी संथ प्रार्थनाधून वाजवतात. ओठ गरम होतात, सूर जुळतात, एकमेकांचे कान उघडतात. तीच धून तिनं तिन्ही वाद्यांवर पाळीपाळीनं वाजवली. कोणतं वाद्य केव्हा, ते फक्त तिला आणि शेजारच्या सेकंड कॉर्नेटला माहीत. मी माझी खुर्ची सोडून सभागृहाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि बँडकडे न बघता ऐकलं.

मोठ्या आवाजात मला पहिलं आणि दुसरं वेगळं ओळखता आलं नाही. अजिबात नाही. तिसरं थोडं पातळ लागलं, एवढंच. हळू आवाजात मात्र चित्र पालटलं. एका पाळीला सेकंड कॉर्नेटचा स्वर प्रत्येक वेळी केसभर उशिरा सुरू होत होता, जणू कुणी दार ढकलून आत येतंय. दुसऱ्या एका पाळीला दोन सेकंड कॉर्नेट एकच वाद्य असल्यासारखी ऐकू आली. नंतर तिला विचारलं: उशीर होत होता ते पहिलं, एक होऊन गेलं ते दुसरं.

शेजारच्या वादकाची नोंद माझ्यापेक्षा उपयोगी ठरली. तो म्हणाला, पहिल्यावर ती स्वर सुरू करायला जास्त दम घेते आणि तो भरेपर्यंत मी वाजवायला लागलेला असतो; दुसऱ्यावर तिचा स्वर माझ्या स्वरात कुठे शिरला ते कळत नाही.

याचा अर्थ मोठं बोअर वाईट असा कुणी घेऊ नये. वाद्य किती अडवतं ते एकट्या बोअरवर ठरत नाही. लीडपाइपचा उतार, माउथपीसची मागची वाट, बेलची जाडी, सगळ्यांचा त्यात हात असतो. पहिल्या वाद्याला भरपूर हवा लागत होती आणि तिची फुंक ट्रम्पेटची, म्हणजे कमी हवा वेगानं सोडणारी. तिला वाद्यानं थोडं अडवायला हवं होतं, टेकायला भिंत हवी होती. तालमीच्या दुसऱ्या तासाला पहिल्या वाद्यावर तिचे वरचे स्वर उतरायला लागले, ते दमल्यामुळेच. दहा मिनिटांच्या चाचणीत हे कधीच दिसलं नसतं. वाद्य निवडताना थकून बघावं लागतं.

तपासणी आणि निर्णय

निर्णय दुसऱ्याकडे झुकला, पण ते वापरलेलं होतं, म्हणून हात लावून बघणं आलं. व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड थोडी ओढायची आणि मग व्हॉल्व्ह दाबायचा. “पॉप” असा ठसठशीत आवाज आला तर व्हॉल्व्हमधून हवा गळत नाही. तिन्ही पॉप मिळाले, तिसरा जरा भिडस्त. व्हॉल्व्ह बाहेर काढून त्यांच्यावरचे एक, दोन, तीन हे आकडे खोबणीशी जुळतात का पाहिलं. मुख्य स्लाइड काढून लीडपाइपच्या आत दिवा मारला. पितळातलं जस्त झिजून गेलं की लालसर ठिपके पडतात, आणि बाहेरून चांदीचा मुलामा असला की ते लपून राहतात. आत मळ होता, ठिपके नव्हते. बेलच्या बाकावर एक जुना, सरळ केलेला पोचा होता. वाजवण्यात त्याचा परिणाम शोधूनही सापडला नाही.

मुलाम्याबद्दल तिनं विचारलं की चांदीनं आवाज बदलतो का. बँडांमध्ये चांदीची वाद्यं जास्त दिसतात, त्यात रांग एकसारखी दिसण्याचा भाग मोठा आहे. मी मागच्या भिंतीला पाठ लावून चांदी आणि लॅकर (पितळावरचं रोगण) ओळखू शकलेलो नाही. ज्यांना ओळखता येतं असं ते सांगतात, त्यांना मी अजून पाठमोरं उभं केलेलं नाही.

तिनं दुसरं घेतलं. आनंदानं नाही, पटलं म्हणून. “खोलीत वाजवताना मला पहिल्याची आठवण येईल,” म्हणाली. येणारच.

सहा महिन्यांनंतर

ट्रिगरची स्प्रिंग पहिल्याच महिन्यात ढिली झाली, ती बदलली. तिच्या जुन्या ट्रम्पेटच्या म्यूटनं (आवाज दाबायला बेलमध्ये बसवायच्या बुचानं) घोटाळा केला: कॉर्नेटच्या बेलमध्ये तो नीट बसेना, एका शांत जागी टुणकन खाली पडला आणि थर्ड कॉर्नेटच्या पायाशी गडगडत गेला. कॉर्नेटचा वेगळा म्यूट लागतो, हे मी सांगायला विसरलो होतो. लाल शाईनं लिहिलेला ई अजून उतरतोच. लांब स्वर असेल तर ती मोकळ्याऐवजी एक-दोन व्हॉल्व्हनं घेते. ती जोडी किंचित चढी असते, त्यामुळे हिशेब बरोबर जुळतो. भराभर जाणाऱ्या ओळीत मोकळाच वाजवते आणि ओठांनी उचलते.

खोल माउथपीसवर तिचा वरचा ए परत आला, पण ट्रम्पेटच्या मैफली असलेल्या आठवड्यात तो पुन्हा हरवतो. दोन्ही वाद्यं सांभाळायची तर दोघांना रोज थोडा वेळ द्यावा लागतो. ती रोज आधी कॉर्नेट, मग ट्रम्पेट असा क्रम ठेवते. उलटं केलं की दुसऱ्या दिवशी सेकंड कॉर्नेटच्या रांगेत तिचा सूर दिसतो, आणि बँडमास्तरांचा हात खाली येतो.

मोठ्या बोअरचं ते पहिलं वाद्य परत पाठवायच्या आदल्या तालमीला आमच्या एका सोलो कॉर्नेटवाल्यानं सहज उचललं. धिप्पाड माणूस, पंजा रुंद, दम लोहाराच्या भात्यासारखा. अंगठी त्याच्या बोटाला नेमकी पोचली. पेटी त्यानं परत दिलीच नाही.